डब्यातला राब

भिकीच्या घरात एखादा दिवस भांडणाशिवाय गेला, तर शेजारची शुक्री दारात येऊन विचारायची, काय ग, कोण आजारी आहे का? गंजाडच्या त्या पाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिकी भांडायची ती काही वैर धरून नाही. तिचं बोलणंच तसं. मीठ मागायला आली तरी समोरच्याला वाटावं, आपण हिचं काहीतरी चोरलंय. नवरा रघ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला की अशा वेळी बैलांना पाण्यावर न्यावं. पोरगी वर्षा मात्र आईवर गेली. ती उलटून बोलायची, आणि अशी बोलायची की मध्ये श्वास कधी घेते ते कळू नये. मायलेकी एकदा सुरू झाल्या की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा उठून दुसरीकडे जायच्या.

म्हणून त्या रविवारी डब्याच्या काचेपुढे बसून भिकीनं फोन कानाला लावला, सवयीनं वर्षाला चार शब्द सुनावले, आणि आतून वर्षा नुसतं "हो आये" म्हणाली, तेव्हा भिकीनं फोन कानापासून काढून उलटसुलट बघितला.

आता डबा म्हणजे काय ते सांगायला हवं. गावाबाहेरची चिकूची एक जुनी वाडी एका कंपनीनं घेतली आणि झाडांच्या मधोमध एक लांबलचक पांढरं घर उभं केलं. खिडकी एकच, तीही न उघडणाऱ्या जाड काचेची. दार एकच, त्याला कडेनं रबर. उद्या माणसं चंद्रावर, नाहीतर त्याच्याही पलीकडे राहायला गेली, तर तिथे ना हवा ना पाणी. मग जे नेलं तेच फिरवून फिरवून वापरायचं. झाडांनी हवा करायची, ती माणसांनी घ्यायची. माणसांच्या अंगातून गेलेलं पाणी गाळायचं, ते झाडांना आणि पुन्हा माणसांना. खायचं तेही आतच पिकवायचं. हे जमतं का ते बघायला चार माणसं होळीनंतर आत गेली होती, ती पावसाळा लागल्यावर बाहेर येणार होती. तोवर बाहेरून आत काही जायचं नाही. भाकरी नाही, पाण्याचा थेंब नाही, वारासुद्धा नाही. गावानं त्या घराचं नाव डबा ठेवलं आणि कंपनीचं इंग्रजी नाव कोणाच्या तोंडी बसलंच नाही.

चौघांतली एक वर्षा. डहाणूच्या कॉलेजात झाडापानांचं शिक्षण घेतलेली, म्हणून आतली सगळी झाडं तिच्या ताब्यात. हे पार पडलं तर तिला कंपनीत कायमची जागा मिळणार होती. बाकीचे तिघं लांबच्या शहरांतले. भिकीनं या गोष्टीला जेवढा विरोध करता येईल तेवढा केला. पोरगी काय सुकट आहे, डब्यात भरून ठेवायला, असं तिनं साऱ्या पाड्याला ऐकवलं. पण वर्षानं ते भांडण जिंकलं. मग भिकी स्वतःच शुक्रीला घेऊन तिथे मजुरीला लागली. आधी आतल्या वाफ्यांत माती भरायचं काम होतं, दार बंद झाल्यावर बाहेर चिकूच्या वाडीत. पोर राहणार त्या जागेला आपला हात लागलेला बरा, एवढाच तिचा हिशेब.

आणि आता ती पोर काचेपलीकडे बसून हो आये, हो आये करत होती. भिकीनं मुद्दाम डिवचलं. म्हणाली, तुझ्याबरोबरच्या शितलनं स्वतःची गाडी घेतली, तू बस डब्यात मुळे उपटत. एरवी एवढ्यावर वर्षानं आईचं गेल्या दहा वर्षांतलं सगळं बाहेर काढलं असतं. ती फक्त हसली. हसता हसता तिला धाप लागली आणि तिनं बाजूच्या फळीला हात टेकला. ओठांना जांभळट कळा होती. भिकीनं काचेला तोंड लावून विचारलं, काय झालं तुला? वर्षानं मान हलवली आणि वेळ संपायच्या आधीच फोन ठेवला.

भिकी तशीच उठली आणि साहेबाच्या केबिनमध्ये शिरली. साहेब म्हणजे प्रविण. वाणगावचा, शेतकऱ्याचाच मुलगा, शिकून इंजिनीअर झालेला. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं ठीक आहे मावशी, असं तीन वेळा सांगितलं. एकदाही तिच्याकडे बघून सांगितलं नाही. भिकीनं पाणी प्यायलं नाही. ज्याला माझ्या डोळ्यात बघता येत नाही त्याचं पाणी मी पीत नाही, म्हणून ती बाहेर पडली.

खरं काय ते गेटवरच्या रूपेशनं सांगितलं. तो कॅमेऱ्याच्या खोलीतच बसायचा, त्याच्या कानावर सगळं यायचं. आतली चांगली हवा कमी होत चालली होती. एकदम नाही, रोज थोडी थोडी, पार चैत्रापासून. माणसानं सोडलेली वाईट हवा शोषायला आत मशीन होतं आणि ते व्यवस्थित चालू होतं. पण चांगली हवा झाडांनीच करायची, आणि ती पुरत नव्हती. आता आत राहणं म्हणजे फार उंच डोंगरावर राहण्यासारखं झालं होतं. डोकी दुखत होती, झोप लागत नव्हती. बाहेरून हवा सोडणं एका नळाचं काम होतं. पण येत्या गुरुवारी मोठे पाहुणे येणार होते, आणि बाहेरून काहीही घेतलं नाही हे त्यांना छातीठोक सांगायचं होतं. मुंबईचे मोठे साहेब पडद्यावर येऊन म्हणाले होते की झाडं त्या मुलीची जबाबदारी, हवा कमी पडते याचा अर्थ मुलगी कमी पडते, तसा शेरा मारा आणि गुरुवारपर्यंत थांबा.

भिकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी पोर कमी पडते? जी चालायला लागल्यापासून माझ्यामागे लावणीला चिखलात उभी राहिली ती? आणि चैत्रापासून हे ठाऊक असताना मेल्यांनी मूग गिळले? दर रविवारी पोर काचेपलीकडे येऊन बसत होती, हसून जात होती, आणि हे सगळे भिकीच्यादेखत चहा पीत होते. घरी येऊन तिनं रघ्याला सांगितलं. तोसुद्धा त्या दिवशी बैल सोडून बसून राहिला.

सोमवारी सकाळी भिकी कोयता घेऊन डब्यापाशी हजर. मागे शुक्री होतीच. रूपेशनं गेटवर अडवल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. भिकी सरळ काचेसमोर गेली आणि म्हणाली, साहेबाला बोलवा, नाहीतर ही काच फोडते. प्रविण धावत आला, पायात एकच चप्पल. त्यानं हात जोडले. म्हणाला, मावशी, काच फुटायची नाही. आणि समजा दार उघडलं, तर सगळं तिथेच संपलं. मग खापर वर्षाच्याच डोक्यावर फुटेल, ती जागाही गेली आणि नावही गेलं.

"मग नाव सांभाळायला पोर मारू का?"

प्रविणनं जोडलेले हात खाली सोडले. मग जे दोन महिने त्याच्या पोटात होतं ते बाहेर पडलं. तो काकुळतीला येऊन सांगू लागला की वर्षाचं काही चुकत नाहीये, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. झाडं जोरात आहेत. ठरवलं होतं त्याच्या दीडपट वाढली आहेत. भाताच्या वाफ्यांत तर अंधार पडावा इतकी दाटी आहे. एवढ्या झाडांनी हवा वाढायला हवी, ती कमी का होते, जाते कुठे, यानं त्याची झोप उडाली आहे. प्रत्येक सांधा, प्रत्येक नळी तपासून झाली होती.

भिकीला यातलं एकच ऐकू आलं. झाडं जोरात आहेत आणि तरी हे माझ्या पोरीला नावं ठेवतात. ती कोयता नाचवत म्हणाली,

"जोरात असणारच. माझ्या घरचं खत आहे त्याला. तुमच्या त्या विकतच्या मातीत गवताची काडी उगवली नसती."

प्रविण एक पाऊल पुढे आला. मग हळूच विचारलं, "कसलं खत, मावशी?"

आणि भिकीनं, छाती काढून, सगळं सांगितलं. त्यात लपवायचं काय होतं? पोरगी घराबाहेर राहायला निघाली की तिच्याबरोबर काहीतरी द्यायचं असतं. तांदूळ द्यायचे, सुकट द्यायची, जमलं तर कोंबडी. रिकाम्या हातानं कोणी पाठवतं का? पण दार बंद व्हायच्या कितीतरी आधी, सामान जमा करतानाच, कंपनीनं वर्षाची पिशवी उलटी करून तपासली होती. रुमालात बांधलेले घरचे तांदूळसुद्धा दारातच काढून ठेवले होते. तेव्हा भिकीचा जो जीव जळला, तो कोणाला कळणार? अजून वाफे भरायचे चालू होते. ती विकतची माती पांढरी, हलकी, हातात घेतली तर भुकेली वाटणारी. मग तिनं आणि शुक्रीनं घरून टोपल्या आणल्या. राबासाठी वर्षभर साठवलेलं शेण, पालापाचोळा, सागाची न् पळसाची पानं, सगळं. ते खाली अंथरलं आणि वर कंपनीची माती. मातीच्या टोपलीत खाली काय आहे ते कोण बघतंय? अर्धा ढीग आत गेला होता. मागाहून रघ्यानं विचारलंही होतं, यंदा राबाला पालापाचोळा कमी कसा? तेव्हा तिनं त्यालाच झाडलं होतं.

प्रविण चिकूच्या झाडाखाली बसला. खाली पडलेला वाळका पाला मुठीत घेतला. मग म्हणाला,

"मावशी, तुम्ही उन्हाळ्यात राब भाजता. शेण, पाला पसरता आणि पेटवता. का?"

"रोप चांगलं यावं म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"त्याच्यावर टोपलं झाकलं तर पेटेल?"

"वाऱ्याशिवाय कसं पेटेल?"

"तुमचा राब आत पेटलाय, मावशी. जाळ नाही, धूर नाही. पाला कुजतोय. कुजवणारे जीव असतात मातीत, डोळ्यांना न दिसणारे. त्यांनाही तीच हवा लागते जी वर्षाला लागते. झाडं हवा करतात त्याच्यापेक्षा जास्त ते खातायत. बाहेर एवढं आभाळ आहे, कळत नाही. तिथे एक डबा आहे."

 शुक्रीनं भिकीच्या हातातला कोयता काढून घेतला, तेही तिला कळलं नाही. जिच्यासाठी मध्यान्हीच्या उन्हात टोपल्या वाहिल्या, तिच्याच उशाला आपण राब पेटवून आलो. भिकीला आयुष्यात पहिल्यांदा राग आला आणि तो काढायला समोर कोणी सापडेना. साहेबावर काढावा तर तो बिचारा रडायच्या बेतात. शुक्रीवर काढावा तर ती फक्त सांगितलेलं करणारी. तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली, एकदा, सणसणीत. प्रविण दचकून उठला. मग ती म्हणाली, फोन लाव.

वर्षा काचेशी आली, भिंतीच्या आधारानं. भिकीनं सांगायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यं झाली नाहीत तोच वर्षानं हात वर केला.

"मला ठाऊक आहे, आये."

"काय ठाऊक आहे?"

"पळसाचं पान सापडलं. वाफ्यात." ती थांबली, श्वास घेतला. "विकतच्या मातीत... पळस कुठला. तेव्हाच कळलं... कोणाचं काम ते."

"कधी?"

"चैत्रात."

 वर्षा थांबत थांबत सांगत राहिली. सांगितलं असतं तर आईला आणि शुक्रीमावशीला त्याच दिवशी काढलं असतं. पाड्यावरच्या एकाही बाईला पुन्हा गेटातून आत घेतलं नसतं. आणि सगळीकडे म्हटलं असतं की जंगलातल्या बायांनी शेण घालून एवढं मोठं काम नासवलं. तिला ते ऐकायचं नव्हतं. पाला कधीतरी कुजून संपेल, तोवर तग धरू, असा तिचा अंदाज होता. अंदाज चुकला होता, बस.

आता भिकीला राग काढायला माणूस सापडलं.

"तुला कोणी सांगितलं होतं माझी लाज राखायला? मी मागितलं होतं? दोन महिने छाती फुटेस्तोवर धापा टाकतेस आणि मला तोंड दाखवून हसतेस? माझी लाज मी बघेन. मला कामावरून काढतील तर काढतील, मी काय यांच्या दारात जन्माला आले होते? तू बाहेर ये. आत्ता."

"नाही येणार." तेवढ्या धापेतही वर्षाची मान ताठ होती. भिकीला ती मान चांगलीच ओळखीची होती. आरशात रोज दिसायची.

मग वाट प्रविणनं सांगितली. आत घाण साठवायचे घट्ट झाकणाचे मोठे पिंप होते, बरेचसे रिकामे. भाताचे वाफे उपसून ती माती पिंपांत बंद केली, तर पाला डब्यातली हवा खायचा थांबेल. रताळी आणि भाजी वेगळ्या वाफ्यांत आहे, ती पोटापुरती होईल, आणि हवेपुरतीही व्हायला हरकत नाही. दार उघडायला नको. फक्त भात उपटावा लागेल, सगळा. पण त्याला वरून परवानगी हवी होती. त्यानं मुंबईला विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की मोठे साहेब नाही म्हणतात. गुरुवारी पाहुण्यांना तो हिरवा भातच दाखवायचा आहे. शुक्रवारी काय ते करा.

 फोन भिकीच्या हातातच होता आणि वर्षानं सगळं ऐकलं होतं.

"आये," वर्षा म्हणाली, "लोंब्या आल्यात. दाणा दुधात आहे." तिच्या आवाजात पहिल्यांदाच रडं आलं. उभ्या पिकाला, तेही दाणा भरताना, हात कसा लावायचा? नवा तांदूळ देवापुढे, वाडवडिलांपुढे ठेवल्याशिवाय त्यांच्या घरात कोणी शीत तोंडात घालत नव्हतं. भिकीनं आयुष्यात उपटलं ते फक्त आवण, भाताची कोवळी रोपं, तेही पुन्हा रोवायला. दुधातला भात कोणी उपटलेला तिनं पाहिला नव्हता. ढोर शिरलं तरी बाई छाती पिटत धावते.

"उपट," भिकी म्हणाली.

"आये..."

"मी पेरलं म्हण. माझं पाप म्हण. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. तू उपट, मी इथे बसलेय."

प्रविण खाली बघत उभा होता. आत जाऊन वर्षाला अडवणार कोण? बाहेरून आत काही जाता कामा नये, अशी सोय साहेबांनीच करून ठेवली होती. त्यांचा हुकूम तरी कसा जाणार?

वर्षानं बाकीच्या तिघांना हाक मारली. त्यांना काय सांगितलं ते काचेतून ऐकू आलं नाही, पण ते तिघंही उठले. पहिली मूठ वर्षानं उपटली. मुळांना काळी माती लगडून आली, घरची माती, भिकीनं लांबूनही ओळखली. लोंब्या बाजूला, माती पिंपात. चार मुठी उपटल्या की वर्षा बसायची, श्वास घ्यायची, पुन्हा उठायची. भिकी उन्हात काचेला नाक लावून बसली होती आणि प्रत्येक मुठीला तिच्या तोंडून शिवी निघत होती. कंपनीला, पडद्यावरच्या साहेबाला, सागाच्या पानाला, स्वतःला. शुक्रीनं तिच्या डोक्यावर पदर धरला तर तिलाही एक मिळाली. संध्याकाळपर्यंत भाताचे सगळे वाफे उघडे पडले आणि पिंपांची झाकणं बसली.

गुरुवारी पाहुण्यांना रिकामे वाफे दिसले. मोठ्या साहेबांनी मजूर बायकांच्या अडाणीपणाबद्दल इंग्रजीत पुष्कळ सांगितलं म्हणे. चैत्रापासून आपल्याला काय ठाऊक होतं, त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. भिकीला आणि शुक्रीला कामावरून कमी केलं. रविवारी काचेपाशी येऊ द्यायचं की नाही यावरही खल झाला, तेव्हा प्रविण म्हणाला, तिला थांबवायचं असेल तर गेटवर तुम्ही स्वतः या. कोणी आलं नाही.

रविवारी भिकी गेली.  वाटेत शुक्री काहीबाही बोलत होती, हिचं लक्ष नव्हतं. काचेपुढे बसून तिनं फोन उचलला. म्हणाली, "जेवलीस का?"

"काय जेवणार, रताळी? सकाळी रताळी, दुपारी रताळी, ते तिघं माझ्याकडे असे बघतात जसा मीच त्यांचा भात खाल्ला, आणि हे सगळं कोणामुळे, तर तुझ्यामुळे, तुला किती वेळा सांगितलं की माझ्या सामानात न विचारता काही घालायचं नाही, हॉस्टेलला गेले तेव्हा पेटीत सुकट कोंबलीस, महिनाभर माझ्या खोलीत कोणी पाऊल टाकलं नाही, तेव्हाही तू हेच म्हणालीस की रिकामी कशी पाठवू, अग पण एकदा तरी विचारायचं, मी काय लहान आहे, आणि वर त्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडात मारून घेतलीस, मला काय दिसलं नाही होय, पुन्हा असं केलंस तर मी..."

भिकी ऐकत होती. मध्ये धाप नव्हती, बोलायला जागाही नव्हती; एरवी तिनं ती काढलीच असती. मागून शुक्रीनं तिचा खांदा हलवला आणि काळजीनं विचारलं, काय म्हणते पोर? बरी आहे ना?

भिकीनं फोन कानापासून न काढता पदरानं डोळे पुसले.

"भांडते," ती म्हणाली.